लांकडांत मोडलेला स्क्रू : पियानोच्या दुरुस्तींतील एक धडा



पियानोची निगा राखणाऱ्या कारागिरास सर्वांत अधिक धास्ती कशाची वाटते, असें कोणी विचारिलें, तर तो तुटलेल्या तारेचें नांव घेणार नाहीं. तार तुटली तर नवी बसवितां येते. झिजलेला नमदा बदलतां येतो. परंतु एखादा बारीकसा स्क्रू काढावयास घ्यावा, पेचकस हातांत एकाएकीं हलका फिरावा, ‘कट्’ असा आवाज व्हावा, आणि स्क्रूचें डोकें वर येऊन बाकीची दांडी लांकडांतच राहावी, म्हणजे मात्र अनुभवी मनुष्यहि क्षणभर थबकतो. कारण आतां लोखंडापेक्षां लांकडाचें रक्षण करावयाचें असतें, आणि तें लांकूड कित्येकदां शंभर वर्षांपूर्वीं कोणी तरी मोठ्या मेहनतीनें घडविलेलें असतें. स्क्रू बाजारांत विकत मिळतो. तें लांकूड मिळत नाहीं.

हा स्क्रू मोडतो कां, तो मोडूं नये म्हणून काय करावें, आणि मोडलाच तर लांकूड न दुखवितां तो बाहेर कसा काढावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. पण त्यांत पदार्थविज्ञान आहे, गणित आहे, सुतारकाम आहे, आणि शेवटीं थोडा नीतीचाहि प्रश्न आहे.

१. यंत्राची तोंडओळख

पियानो हें वाद्य इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास प्रथम तयार केलें. त्यापूर्वींच्या हार्प्सिकॉर्ड नांवाच्या वाद्यांत पट्टी दाबली म्हणजे तार छेडली जात असे. त्यामुळें बोट हलकें लावा कीं जोरानें लावा, आवाज जवळजवळ सारखाच निघे. क्रिस्तोफोरीनें तार छेडण्याऐवजीं तिच्यावर लहानशी हातोडी मारण्याची योजना केली, आणि स्वर हलका काढावा कीं मोठा, हें वाजविणाराच्या बोटांच्या स्वाधीन झालें. त्यानें स्वतः बनविलेले तीनच पियानो आज शिल्लक आहेत. ते १७२०, १७२२ व १७२६ या वर्षांचे असून अनुक्रमें न्यूयॉर्क, रोम व लाइपझिग येथील संग्रहालयांत ठेविले आहेत.

आजच्या पूर्ण आकाराच्या पियानोंत ८८ पट्ट्या व सुमारें २३० तारा असतात. सर्व तारांचा एकत्र ताण १८ ते २० टनांच्या घरांत जातो, आणि तो पेलण्यासाठीं आंत ओतीव लोखंडाची चौकट बसविलेली असते. परंतु बोट आणि तार यांच्यामधील जें चलनवलन आहे, तें बहुतेक सारें लांकूड, नमदा, कातडें आणि बारीक पिना यांच्याच साह्यानें घडतें.

प्रत्येक हातोडीची दांडी एका लहानशा लांकडी तुकड्यावर बिजागरीसारखी डोलते. या तुकड्यास फ्लँज म्हणतात. त्यांत सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीची पिन कापडाच्या अस्तरांत फिरते, आणि तो सबंध फ्लँज एका स्क्रूनें लांब आडपट्टीस घट्ट धरलेला असतो. आडपट्टी बहुधा मेपल किंवा बीच यांसारख्या कठीण लांकडाची असते. उभ्या पियानोंत हातोडीस एक, तिला उचलणाऱ्या तरफेस एक, आणि स्वर थांबविणाऱ्या गादीस एक, या हिशेबानें पाहिलें तर असे स्क्रू दोनशेंहून अधिक भरतात. त्यांपैकीं एक जरी सैल झाला, तरी हातोडी डुलूं लागते, शेजारच्या तारेस घांसते, आणि स्वराबरोबर लांकडाचा खट्खट् आवाज ऐकूं येतो. वाजविणाऱ्यास वाटतें, तार बिघडली. खरा दोष मात्र एका पेऱ्याहून लहान असलेल्या खिळ्याचा असतो.

२. स्क्रू मोडतो कां

पहिलें कारण हवा. लांकूड हें ओल शोषून घेणारें व परत सोडणारें द्रव्य आहे. तें ओलीनें फुगतें व सुकल्यावर आकसतें. पण सर्व दिशांनीं सारखें नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेनें हा फरक नगण्य असतो. तंतूंच्या आडव्या दिशेनें मात्र तो सहज मोजण्याइतका असतो. मुंबई, कोंकण, गोवा या किनाऱ्यावरील प्रदेशांत पावसाळ्यामध्यें फ्लँज फुगतो, परंतु स्क्रूचें डोकें त्यास वर येऊं देत नाहीं. म्हणून डोक्याखालचें लांकूड चेंगरून दबतें. पुढें कोरड्या दिवसांत तेंच लांकूड आकसलें, कीं स्क्रू सैल होतो. मग कोणी तरी तो आवळतो. पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां तोच प्रकार. अशीं वीसपंचवीस वर्षें लोटलीं म्हणजे स्क्रूनें किती पीळ सोसला असेल, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. युरोपांतील पियानो बनविणाऱ्यांस आपल्याकडील हवेची ही खोड ठाऊक होती. उष्ण व दमट देशांत पाठविण्यासाठीं ते जीं खास वाद्यें तयार करीत, त्यांत नुसत्या सरसावर विसंबून न राहतां सांध्यांना पितळी स्क्रू मारीत असत.

दुसरें कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें गंजलेला स्क्रू आपल्या भोंकांत पाचरीसारखा आवळून बसतो. आणि त्याच वेळीं त्याचें चांगलें लोखंड कमी कमी होत जातें. म्हणजे काढावयास बळ अधिक लागावें, आणि तें सोसण्याची ताकद मात्र कमी असावी, असा दुहेरी पेच पडतो.

तिसरें कारण मनुष्य. ‘अति तेथें माती’ ही म्हण जणूं स्क्रूसाठींच निघाली असावी. घट्ट बसल्यावर आणखी अर्धा फेरा फिरविला म्हणजे काम पक्कें झालें, असा पुष्कळांचा समज असतो. पितळी स्क्रूच्या बाबतींत हा समज फारच घातक ठरतो. पितळेस लोखंडाप्रमाणें तांबडा गंज चढत नाहीं, हें खरें; पण तें पोलादापेक्षां मऊ असल्यामुळें कठीण लांकडांत बळें दामटल्यास त्याचें डोकें पिळवटून निघतें.

आतां थोडें गणित. इंग्रजी पद्धतीच्या लांकडी कामाच्या स्क्रूंना क्रमांक असतात. क्रमांकास १३ नें गुणावें व गुणाकारांत ६० मिळवावे. जी बेरीज येईल, तितके इंचाचे सहस्रांश हा दांडीचा व्यास होय. उदाहरणार्थ, ६ क्रमांकाचा स्क्रू घ्या. ६ × १३ = ७८; ७८ + ६० = १३८; म्हणजे ०.१३८ इंच, अर्थात् सुमारें साडेतीन मिलिमीटर. पण ही झाली सपाट दांडीची जाडी. जेथें आटे सुरू होतात, तेथें आट्यांच्या तळाशीं राहिलेला गाभा सुमारें २.४ मिलिमीटरच असतो. गोल दांडीची पीळ सोसण्याची शक्ति तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत असते. २.४ ला ३.५ नें भागिलें तर सुमारें ०.६९ येतात, आणि त्याचा घन सुमारें ०.३३. म्हणजे जाडी एकतृतीयांशानेंहि कमी झाली नाहीं, पण शक्ति मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आली! म्हणूनच स्क्रू बहुधा डोक्यापाशीं किंवा आटे जेथें सुरू होतात त्या ठिकाणींच मोडतो. हें ध्यानांत ठेवावें. पुढें उपयोगी पडेल.

३. मोडण्यापूर्वींचा उपाय

जो स्क्रू अजून मोडला नाहीं, त्यावर केलेले श्रम सर्वांत स्वस्त पडतात. प्रथम डोक्याच्या खांचेंतील मळ, पॉलिश व गंज टोकदार सुईनें खरवडून काढावा. नंतर पेचकस निवडावा. त्याचें पातें खांचेच्या लांबीइतकें रुंद आणि खांचेच्या रुंदीइतकें जाड असावें. अरुंद पातें खांच कुरतडतें. रुंद पातें भोंवतालच्या लांकडास ओरखडे पाडतें. हात सरळ स्क्रूच्या रेषेंत ठेवावा आणि फिरविण्यापेक्षां दाबण्याकडे अधिक बळ द्यावें.

स्क्रू हलत नसेल तर तो एकदम उलटा फिरवूं नये. आधीं तो केसभर घट्ट करण्याच्या दिशेनें न्यावा, मग सोडण्याच्या दिशेनें. असें हळूहळू पुढेंमागें केल्यानें गंजाची पकड तुटते. तरीहि न हलल्यास उष्णतेचें साह्य घ्यावें. डाख देण्याची विजेची सळई चांगली तापवून तिचें टोंक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवून धरावें, आणि स्क्रू निवूं द्यावा. येथें काय घडतें तें पाहा. पोलाद एक अंश सेंटिग्रेड तापलें म्हणजे आपल्या लांबीच्या दशलक्षांश बारा इतकें वाढतें. साडेतीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू २०० अंशांनीं तापला, तर तो ३.५ × २०० × ०.००००१२ म्हणजे सुमारें ०.००८ मिलिमीटर जाड होतो. हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण तेवढ्यानें भोंवतालचें लांकूड किंचित् दबतें, तेथील ओल उडून जाते, व निवल्यावर स्क्रू पूर्ववत् बारीक झाला कीं त्याची पकड ढिली पडते. लांकूड करपल्याचा वास येऊं लागतांच सळई उचलावी. कारण करपलेलें लांकूड पुढें आटे धरीत नाहीं.

उष्णता वापरतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. जुन्या पियानोंच्या पट्ट्यांवरील पांढरें आवरण पुष्कळदां सेल्युलॉइडचें असतें, आणि सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही आहे. तापलेली सळई त्याच्या जवळपासहि नेऊं नये. दुसरें, बाहेरील लांकडावर लाखेचें पॉलिश असेल तर तें उष्णतेनें मऊ होऊन डागाळतें. म्हणून झांकणाच्या बिजागरीचा स्क्रू तापवितांना भोंवतीं जाड पुठ्ठ्याचें कडें ठेवावें.

आणि तेल? गंजलेल्या लोखंडी यंत्रावर तेल सोडणें योग्यच आहे. पियानोच्या लांकडांत मात्र तें सोडूं नये. तेल स्क्रूच्या आट्यांपर्यंत पोंचेल न पोंचेल, पण लांकडाच्या तंतूंतून, नमद्यांतून व पिनेच्या अस्तरांतून तें निश्चित पसरेल. एकदां तेल प्यालेलें लांकूड सरस धरीत नाहीं, आणि पुढील दुरुस्तीची वाट आपण आपल्या हातानेंच बंद केली असें होतें.

४. मोडल्यावर प्रथम काय करावें

प्रथम हात थांबवावा. हा उपदेश सोपा आहे, पण पाळावयास कठीण आहे. कारण मोडल्याच्या चिडीनें मनुष्य त्याच क्षणीं पक्कड उचलतो, आणि जें नुकसान स्क्रूनें केलें नसतें तें पक्कड करते. यंत्ररचना वाद्यांतून उचलून चांगल्या उजेडांत मेजावर ठेवावी. मोडलेलें डोकें व पुढें निघतील ते सर्व तुकडे एका डबींत जपावे. त्यांवरून स्क्रूची लांबी, क्रमांक व किती भाग आंत राहिला हें मोजतां येतें.

आतां नीट विचार करा. स्क्रू डोक्यापाशीं मोडला असेल, तर फ्लँजला धरून ठेवणारें कांहींच उरलें नाहीं. मग तो फ्लँज सरळ वर उचलून काढतां येतो, आणि तो निघाला म्हणजे त्याच्या जाडीइतकी दांडी आडपट्टीच्या वर उभी राहिलेली दिसते. म्हणजे जी स्थिति प्रथम निराशेची वाटली, तींत धरावयास चांगलें बोटभर नव्हे तरी नखभर तरी लोखंड शिल्लक असतें. पण स्क्रू आट्यांच्या आरंभीं मोडला असेल, तर तुकडा आडपट्टीच्या पृष्ठभागाशीं समतल किंवा त्याहून खोल राहतो. या दोन रोगांना दोन वेगवेगळे उपाय आहेत.

५. दांडी वर राहिली असल्यास

वर राहिलेल्या दांडीस वर सांगितल्याप्रमाणें सळईनें शेक द्यावा. ती निवल्यावर जबडे घट्ट राहणाऱ्या पकडीनें किंवा लहान हात-व्हाइसनें तिला अगदीं बुडाशीं धरावें. पकड घसरत असेल तर बारीक कानशीनें दांडीच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कराव्या. मग जबड्यांस धरावयास जागा मिळते. आडपट्टीवर पातळ पत्र्याचा तुकडा ठेवावा, म्हणजे पकडीचे ओरखडे लांकडावर उमटणार नाहींत. नंतर दांडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें, एका वेळीं अष्टमांश फेरा, अशी सावकाश फिरवावी. ती बाजूला वांकवूं नये. वांकविली तर उरलेली दांडीहि मोडेल, आणि आपण पहिल्या रोगांतून दुसऱ्या रोगांत जाऊं. बहुतेक वेळीं एवढ्यानेंच काम होतें, आणि भोंक पूर्वींसारखेंच राहतें.

६. तुकडा आंत राहिल्यास : नळीची करवत

स्क्रू लांकडाच्या आंत मोडला असतां त्याच्या मध्यावर भोंक पाडून त्यांत उलट्या आट्यांचें काढणें बसवावें, असें कांहीं जण सुचवितात. मोठ्या लोखंडी बोल्टांस हा उपाय चालतो. पण येथें गाभा अवघा २.४ मिलिमीटर आहे. मोडलेला पृष्ठभाग वांकडातिकडा असतो. ड्रिलचें पातें कठीण पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ लांकडांत शिरतें, आणि जेथें एक भोंक होतें तेथें दोन होतात. बारीक काढणें तर स्वतःच कांचेसारखें ठिसूळ असतें. तें मोडलें म्हणजे कोणतेंहि साधें पातें त्यास कापूं शकत नाहीं.

म्हणून युक्ति अशी करावी, कीं लोखंड न कापतां त्याच्या भोंवतालचें लांकूड कापावें. यासाठीं एक पातळ पोलादी नळी घ्यावी. तिचें आंतील तोंड स्क्रूच्या दांडीवरून जेमतेम सरकेल एवढें असावें. ६ क्रमांकाच्या स्क्रूस आंतून सुमारें ४ व बाहेरून ५ मिलिमीटर ही मापें ठीक पडतात. नळीच्या एका टोंकास त्रिकोणी कानशीनें चारसहा दांत पाडावे. दांतांची धार मात्र नेहमींच्या उलट, म्हणजे नळी डावीकडे फिरतांना कापील अशी ठेवावी. यांतच साऱ्या युक्तीचें मर्म आहे. नळी डावीकडे फिरते, लांकडांत गोल चर कापते, आणि खोल जातां जातां तिची पकड स्क्रूवर बसली, तर ती त्यास सोडण्याच्याच दिशेनें फिरवूं लागते. उजवीकडे फिरणाऱ्या नळीनें तोच स्क्रू अधिक घट्ट झाला असता.

नळी सुरुवातीस पृष्ठभागावर नाचते. तें टाळण्यासाठीं कठीण लांकडाच्या ठोकळ्यांत नळीच्या बाहेरील मापाचें सरळ भोंक पाडून, तें मोडक्या स्क्रूच्या बरोबर वर येईल असा ठोकळा शिकंज्यानें आडपट्टीवर आवळावा. हा ठोकळा नळीचा वाटाड्या होय. मग हातानें फिरविण्याच्या किंवा विजेच्या ड्रिलमध्यें नळी धरून अगदीं मंद गतीनें काम करावें. दर दोनतीन मिलिमीटरला नळी बाहेर काढून भुसा झटकावा. भुसा दाटला कीं नळी तापते, दांत मऊ होतात व लांकूड करपतें. फ्लँजचा स्क्रू आडपट्टींत सुमारें अर्धा इंचच गेलेला असतो. म्हणून जुन्या डोक्यावरून आंतील तुकड्याची लांबी काढून, तितक्या खोलीवर नळीस कागदाची पट्टी चिकटवून खूण करावी आणि खुणेपुढें जाऊं नये. आडपट्टीच्या पलीकडे नळी निघाली, तर दुरुस्तीचें काम दुप्पट झालें असें समजावें.

पुष्कळदां स्क्रू अर्ध्या वाटेवरच नळीबरोबर फिरून बाहेर येतो. न आला, तर पूर्ण चर पडल्यावर लांब चोंचीच्या पकडीनें लांकडाच्या गाभ्यासकट तो उपसून काढतां येतो. बाहेर आलेल्या स्क्रूचें टोंक अवश्य पाहावें. टोकदार लांकडी स्क्रू यंत्रानें तयार करण्याचें पेटंट अमेरिकेंत टॉमस स्लोन यानें १८४६ साली घेतलें. त्यापूर्वींचे स्क्रू बहुधा बोथट टोंकाचे असत. बोथट टोंकाचा स्क्रू हातीं आला, तर वाद्य फार जुनें असण्याचा संभव आहे. अशा वेळीं पुढें हात न लावतां जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, आणि तो तुकडा वाद्याबरोबरच जपून ठेवावा.

७. भोंक बुजविणें

आतां आडपट्टींत पांच मिलिमीटरचें स्वच्छ गोल भोंक उरलें. त्यांत लांकडी गुडदी बसवावयाची. येथें एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बाजारांत मिळणाऱ्या गोल खुंटीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेनें असतात. अशी खुंटी भोंकांत बसविली तर नवा स्क्रू तंतूंच्या टोंकांतून आंत शिरतो, आणि तंतूंच्या टोंकांत आटे नीट धरत नाहींत. म्हणून गुडदी आडव्या तंतूंची कापावी आणि बसवितांना तिचे तंतू आडपट्टीच्या तंतूंशीं समांतर ठेवावे. लांकूड कठीण व बारीक पोताचें हवें. मेपल न मिळाल्यास हेदीसारखें आपल्याकडील लांकूड चालतें. सागवान टिकाऊ खरें, पण तें तेलकट असल्यानें सरस तितकासा धरीत नाहीं.

सरस थंड पाण्यांत भिजवून फुगवावा आणि पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून सुमारें ६० अंशांपर्यंत तापवावा. उकळूं देऊं नये, कारण उकळल्यानें त्याची चिकटण्याची शक्ति जाते. सरसाचा एक मोठा गुण असा, कीं ऊब व ओल दिली तर तो पुन्हां सुटतो. आपण केलेलें काम पुढील कारागिरास गरज पडल्यास उलगडतां यावें, हा दुरुस्तीचा उत्तम नियम आहे, आणि सरस तो आपोआप पाळतो. गुडदी बसविल्यावर एक सबंध दिवस सुकूं द्यावी. मग धारदार पटाशीनें पृष्ठभागाशीं समतल छाटावी.

नवें भोंक नेमकें जुन्या जागीं पडलें पाहिजे. नाहीं तर हातोडी आपल्या तारांसमोर येणार नाहीं. शेजारच्या स्क्रूंच्या रेषेवर पट्टी ठेवून एक रेघ आंखावी, व कंपासानें दोन्ही बाजूंचें अंतर घेऊन तिच्यावर मध्य काढावा. मध्यावर टोंचणीनें खळगा करावा. ६ क्रमांकाच्या स्क्रूस कठीण लांकडांत २.४ मिलिमीटरचें भोंक योग्य होय. म्हणजे गाभ्याला जागा मिळते व आट्यांना लांकूड मिळतें. आट्यांवर थोडें मेण चोळावें. साबण लावण्याची चाल आहे, पण साबण ओल धरतो आणि ओल गंज आणते. नवा स्क्रू पितळी असेल, तर आधीं त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदां फिरवून आटे पाडून घ्यावे, आणि मग त्या वाटेनें पितळी स्क्रू बसवावा. शेवटीं तो घट्ट होतांच थांबावें. तेथें थांबणें हाच पुढील पन्नास वर्षांचा बंदोबस्त आहे.

८. काय करूं नये

लोखंडी चौकटीचे मोठे बोल्ट व स्क्रू यांना विद्यार्थ्यांनीं कधींहि हात लावूं नये. त्यांच्यामागें तारांचा टनावारी ताण उभा असतो. तें काम शिकलेल्या कारागिराचेंच आहे.

आणि मोडका स्क्रू कधीं लपवूं नये. एका सभागृहांतील उभा पियानो उघडलेला पाहण्याचा योग या लेखकास आला होता. एक हातोडी सारखी एका बाजूस कलत असे. फ्लँज उचलल्यावर खालीं दोन भोंकें दिसलीं. एकांत मोडका स्क्रू तसाच ठेवून त्यावर रंगीत मेण भरलें होतें. दुसरें त्याला खेटून तिरपें पाडलेलें होतें. दोन भोंकांमधील लांकूड तितकें बळ सोसूं शकलें नाहीं. तेथून निघालेली भेग शेजारच्या तीन हातोड्यांच्या खालून गेली होती. मुळांत जें काम एका सकाळचें होतें, त्यासाठीं आतां आडपट्टीचा तेवढा भाग कापून नवें लांकूड जोडावें लागलें. ज्यानें तें मेण भरलें, त्यानें मालकाकडून पूर्ण मोल घेतलें असेल, आणि त्या दिवशीं पियानो वाजलाहि असेल. पण मेण हें लांकूड नव्हे, आणि झांकलेला दोष हा दुरुस्त झालेला दोष नव्हे. तो फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं मारलेला असतो. स्क्रू मोडला तर मालकास तसें सांगावें, वेळ अधिक लागेल हेंहि सांगावें. जो कारागीर असें सांगतो, त्याचें त्या दिवशीं थोडें नुकसान होतें. पण त्याच्या हातांत लोक आपलें वाद्य पुन्हां देतात.

९. पालकांस दोन शब्द

पुष्कळ पालकांस वाटतें, कीं मुलानें पुस्तक हातीं धरावें, कानस धरूं नये; कानस धरणारे निराळे. परंतु वरील काम पुन्हां वाचून पाहावें. व्यासाचा घन, उष्णतेनें होणारें प्रसरण, लांकडाच्या तंतूंची दिशा, आट्यांची दिशा, यांपैकीं कोणती गोष्ट पुस्तकांत नाहीं? आणि पुस्तकांत असूनहि ती हातानें केल्याशिवाय कोणास पुरती कळली आहे? वर्गांत प्रमाणाचें उदाहरण चुकलें तर लाल रेघ पडते आणि दुसऱ्या दिवशीं विसरली जाते. आडपट्टी चिरली तर ती चिरलेलीच राहते. ज्या मुलानें अशा लांकडासमोर एकदां तरी धीर धरला, तो आपल्या आयुष्यांतील दुसऱ्या अडचणींसमोरहि आधीं पक्कड उचलणार नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, पियानो प्रत्येकाच्या घरीं नसतो, आणि हा धडा शिकावयास तो असावाहि लागत नाहीं. सुट्टीमध्यें कठीण लांकडाचा एक टाकाऊ तुकडा घ्या. त्यांत ६ क्रमांकाचे तीन स्क्रू बसवा. पहिल्याचें डोकें करवतीनें असें कापा, कीं दांडी वर राहील. दुसऱ्याचें पृष्ठभागाशीं समतल कापा. तिसऱ्याचें समतल कापून त्यावर मिठाचें पाणी टाका व महिनाभर गंजूं द्या. मग तिन्ही बाहेर काढून भोंकें बुजवा आणि त्याच जागीं नवे स्क्रू बसवा. कोणता सर्वांत कठीण गेला, आणि कां, हें वहींत लिहून ठेवा. लिहितांना लांकूड कोठें चिरलें तेंहि लिहावें. तो भाग गाळूं नये.